पोळी, मटण आणि एक प्रतिज्ञापत्र

मी त्रिनिदादला कधीही गेलेलो नाही, हे सिद्ध करण्यासाठी मला महाडच्या तहसील कचेरीत तीन खेपा घालाव्या लागल्या. ते सिद्ध झाल्याशिवाय मला त्रिनिदादला जाता येत नव्हतं. हे वाक्य मी आमच्या आम्रपालीला वाचून दाखवलं, तेव्हा ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "यात सरकारचा मूर्खपणा कुठे दिसत नाही, तुमचाच दिसतो." आमच्या घरी निकाल असे झटपट लागतात. म्हणून सगळं पहिल्यापासून सांगतो. वाचकांनी निकाल सावकाश द्यावा.

मी भूगोलाचा शिक्षक. महाडच्या एकाच शाळेत, एकाच नकाशावर, एकाच छडीने तेहतीस वर्षं भूगोल शिकवला. (छडी नकाशा दाखवायची. मारायची वेगळी होती, ती पुढे कायद्याने गेली.) भूगोलाच्या शिक्षकाचं दुःख इतर शिक्षकांना कळत नाही. गणिताच्या मास्तरांना कोणी विचारत नाही, "सर, तुम्ही वर्गमूळ बघितलंय का?" आम्हाला मात्र विचारतात. १९९८ साली आठवीच्या वर्गात तौकीर नावाचा मुलगा पहिल्या बाकावर बसायचा. मी हिमालय शिकवला. तौकीर म्हणाला, "सर, तुम्ही बघितलाय?" मी म्हणालो, नाही. मी सहारा शिकवला. "सर, बघितलंय?" नाही. ॲमेझॉनचं खोरं? तेही नाही. प्रत्येक 'नाही'नंतर तो पोरगा वहीत मान घालायचा, आणि त्या मान घालण्यात माझ्या सगळ्या पदव्यांवर पाणी पडायचं.

ऑगस्टमध्ये वेस्ट इंडीजची बेटं आली. मी छडी त्रिनिदादवर ठेवली. तौकीरने तोंड उघडलं. "सर, तुम्ही..." "हो," मी म्हणालो. "ह्याच मे महिन्यात जाऊन आलो."

वर्गात अशी शांतता पसरली की बाहेरच्या शेंगदाणेवाल्याने पुडी बांधल्याचा आवाज आला. मग चाळीस पोरांनी एकदम विचारलं, "सर, काय खाल्लं?" तास मधल्या सुट्टीच्या आधीचा होता आणि मी सकाळी चहावर आलो होतो. भुकेने जे सुचवलं ते मी बोललो. म्हणालो, तिथे समुद्राकाठी एका बाईने मला पुरणपोळी आणि मटणाचा रस्सा वाढला. पोरं हसून हसून बाकाखाली गेली. पोळीशी मटण? मी गंभीर चेहऱ्याने म्हणालो, "तिकडची पोळी गोड नसते."

खोट्याचं एक असतं, ते एकदा शाळेत दाखल झालं की दरवर्षी वरच्या वर्गात जातं. पुढच्या आठवीला मागच्या आठवीने सांगितलं. ऑफ तास मिळाला की पोरं म्हणायची, "सर, त्रिनिदाद." मी दर वर्षी थोडी भर घातली. तेलाच्या पिंपावर वाजवलेलं संगीत आलं (हे पुस्तकात होतं), एक वादळ आलं (हे नव्हतं). महाडच्या बाजारात, एसटी स्टँडवर, दवाखान्यात मोठी मोठी माणसं मला थांबवून म्हणू लागली, "काय सर, पोळी-मटण?" मी मान डोलवायचो. घरी येऊन आम्रपालीच्या नजरेला नजर द्यायचो नाही. सगळ्या महाडात खरं फक्त तिला ठाऊक आहे, अशी माझी समजूत होती.

गेल्या वर्षी जूनमध्ये माझ्या मोबाईलवर एक ग्रुप उगवला, 'सरांचा निरोप समारंभ'. मी पुढच्या मे महिन्यात निवृत्त होणार होतो. ग्रुपचा प्रमुख तौकीर. तो आता महाडमध्ये प्रवासी तिकिटांचं दुकान चालवतो, दुबई-कुवेत-मस्कतला निम्मा तालुका त्याच्याच हातून जातो. त्याने निमंत्रणाचा मसुदा टाकला होता. त्यात ठळक अक्षरांत, 'सर आपल्या त्रिनिदाद प्रवासाची अविस्मरणीय कहाणी शेवटची सांगतील'.

वर्गात चाळीस पोरांपुढे बोललेलं वेगळं आणि हॉलमध्ये माईकवर, हार घालून, संस्थेच्या अध्यक्षांसमोर बोलणं वेगळं. शिक्षक म्हणून माझं शेवटचं भाषण खोटं असणार होतं, हे मला खरोखर सहन होईना. मी दोन दिवस जेवलो नाही. म्हणजे कमी जेवलो. तिसऱ्या दिवशी आम्रपाली म्हणाली, "असे कण्हत काय बसलात? मे यायला वेळ आहे. दिवाळीच्या सुट्टीत जाऊन या. मग खरं होईल."

"तूही चल," मी म्हणालो.

"खोटं तुम्ही बोललात. मी कशाला एवढे तास विमानात बसू?"

शासनमान्य शाळेच्या शिक्षकाला परदेशी जायचं तर संस्थेचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं. संस्थेच्या कार्यालयात अंकिता नावाची लिपिक आहे, तीही माझी विद्यार्थिनी, २००६ची बॅच. तिने मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि फॉर्म स्वतःच भरायला घेतला. 'प्रवासाचे कारण' या रकान्यात मी 'तिथली संस्कृती पाहणे व खाणे' असं सांगितलं. ती म्हणाली, "सर, 'खाणे' नको. वरच्या ऑफिसला संशय येतो. 'शैक्षणिक' लिहिते." पुढचा रकाना होता, 'यापूर्वीचे परदेशगमन'. मी घसा साफ केला. तेवढ्यात चहा आला. चहा पिऊन बघतो तर तिने सुंदर अक्षरात लिहिलं होतं, 'मे १९९८, त्रिनिदाद'. मी ते तसंच राहू दिलं. चहा तिने पाजला होता.

दीड महिन्याने वरच्या कार्यालयातून पत्र आलं. विषय : सन १९९८ मध्ये सक्षम प्राधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय परदेशगमन केल्याबाबत. सात दिवसांत लेखी खुलासा करावा, अन्यथा सेवा नियमांनुसार कारवाई.

निवृत्तीला नऊ महिने असताना माझ्यावर कारवाई होणार होती, आणि ती न केलेल्या प्रवासाबद्दल. मी शाळेत धावत गेलो. म्हटलं, त्या वर्षीचं हजेरीपुस्तक, रजेचा अर्ज, काहीतरी दाखवून टाकू. मुख्याध्यापकांनी हात जोडले. जुनं दप्तर २०२१च्या पुरात गेलं होतं. सावित्रीचं पाणी आमच्या शाळेच्या खिडकीच्या वर होतं. पुरानंतर जे कागद निघाले त्यांचा लगदा आम्ही फावड्याने ओढला होता. महाडमध्ये तेव्हापासून माणसाचा जन्मसुद्धा नव्याने सिद्ध करावा लागतो. माझं तर न जाणं सिद्ध करायचं होतं.

"प्रतिज्ञापत्र करा," तहसील कचेरीबाहेर टेबल टाकून बसणारा टायपिस्ट म्हणाला. "मी अमुक अमुक, शपथेवर कथन करतो की मी आजतागायत भारताबाहेर गेलेलो नाही." टाईप करता करता तो थबकला. माझ्याकडे बघितलं. ११९ क्रमांकाच्या टेबलावरचा हा माणूस माझ्या २००१च्या बॅचचा निघाला. "सर," तो हळूच म्हणाला, "आजतागायत टाकू की आजपावेतो?" मी म्हणालो, "काय शोभेल ते टाक."

प्रतिज्ञापत्राला दोन साक्षीदार हवेत, ज्यांनी मला त्या मे महिन्यात प्रत्यक्ष बघितलं होतं. पहिली माझी आत्या काशीबाई. ती महाडजवळच्या नाते गावी राहते, वय ब्याऐंशी. त्या सुट्टीत मी महिनाभर तिच्या घरावर कौलं चढवत होतो. आत्या एसटीने आली, नवं लुगडं नेसून, आणि कचेरीच्या दारातूनच तिने साक्ष सुरू केली. "ह्यो मे महिन्यात माज्या छपरावर व्हता. एकोनीस कौलं फोडलीन. परदेशी कसला जातोय, ह्याला शिडीवर चक्कर येते."

"आत्या, हळू," मी म्हणालो.

"हळू कशाला रे? खरं हाय ते सांगते. चोरी थोडी केलीस?"

दुसरा साक्षीदार म्हणजे ती कौलं पोचवणारा टेंपोवाला. तो टेंपोवाला म्हणजे इस्माईलभाई. ते कुवेतला चौदा वर्षं ट्रक चालवून सत्त्याण्णव साली परतले आणि टेंपो घेतला. पुढे आम्ही शेजारी झालो. आता टेंपो विकलाय, दिवसभर ओट्यावर बसून परदेशाबद्दल सल्ले देतात. आणि ते तौकीरचे वडील. हे सगळं मी अठ्ठ्याण्णव साली लक्षात घेतलं असतं तर खोटं बोलायला दुसरा महिना निवडला असता.

इस्माईलभाईंनी चष्मा लावून प्रतिज्ञापत्र पूर्ण वाचलं आणि सही केली. मी त्यांचा हात धरला. "इस्माईलभाई, तौकीरला हे कळू देऊ नका."

"सर," ते म्हणाले, "मी काय सांगणार आता." मला त्या वाक्याने फार बरं वाटलं. ते नीट ऐकलं असतं तर वाटलं नसतं.

तिसऱ्या खेपेला शिक्का बसला. अंकिताने ते पान फाईलमध्ये लावलं, फाईलची गाठ घट्ट मारली आणि म्हणाली, "खुलासा मान्य झाला, सर. ही फाईल आता मी वरच्या फळीवर ठेवते. तिथे कोणाचा हात पोचत नाही." मी मान खाली घालून जिना उतरलो. आपलं अज्ञान मुलांना दिसणं मी अनेक वर्षं सोसलं होतं. आपलं खोटं, तेही स्टॅम्पपेपरवर, पहिल्यांदाच दिसत होतं.

परवानगी मिळाल्यावर सल्ले सुरू झाले. महाडात परदेश म्हणजे आखात. त्यामुळे त्रिनिदाद हे मस्कतच्या थोडं पुढे, डाव्या हाताला असणार, अशी गल्लीची ठाम समजूत होती. तौकीरने तिकीट काढलं, माझा कोरा करकरीत पासपोर्ट उलटापालटा करून बघितला आणि शांतपणे म्हणाला, "जुना पुरात गेला असेल ना, सर?" मी म्हणालो, "सगळंच गेलं रे." तो म्हणाला, "हो, सर." मग त्याने सांगितलं की वाटेत एका देशात नुसतं विमानतळावर बसायचा वेगळा परवाना लागतो, आणि पीतज्वराची लस टोचावी लागते. लस तिकडे जायला नव्हे, परत घरी येऊ द्यायला. "म्हणजे न टोचता गेलात तर जाता येईल," आम्रपाली म्हणाली, "फक्त येता येणार नाही." तिने हा पर्याय जरा जास्तच वेळ मनात घोळवला, असं मला वाटलं.

बॅग इस्माईलभाईंनी बांधली. त्यांच्या मते दोरी न बांधलेली बॅग परदेशात पोचत नाही. त्यांनी माझ्या नव्या चाकाच्या बॅगेला नायलॉनच्या जाड दोरीने आडव्या सहा आणि उभ्या चार फेऱ्या मारल्या, ट्रकवरच्या गाठी मारल्या आणि चारी बाजूंनी काळ्या रंगात माझं नाव, मु. पो. महाड, जि. रायगड असं लिहिलं. चाकंसुद्धा दोरीखाली गेली. त्यांच्या रजियाभाभींनी सुकटीची पिशवी आणली. "तिकडे खायचे हाल होतात, सर. आमचे हे कुवेतमध्ये सुकटीवर जगले." मी खायलाच चाललोय हे त्यांना सांगून उपयोग नव्हता. आत्याने दोन किलो कडवे वाल पाठवले. "तिकडं कुनाच्या घरी उतरशील, रिकाम्या हातानं जाऊ नको."

प्रवासाचं वर्णन मी करत नाही. ज्याला करायचं असेल त्याने दोरी बांधलेली, न फिरणारी बॅग घेऊन तीन विमानतळ पार करावेत.

त्रिनिदादच्या विमानतळावर कस्टमच्या एका धिप्पाड बाईंनी बॅगेकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग सहकाऱ्याला हाक मारून कात्री मागवली. कात्रीने दोरी तुटेना. सुरी आली. मागे रांग वाढत गेली. शेवटी बॅग उघडली आणि सुकटीचा वास मोकळा झाला. रांग दोन पावलं मागे सरकली.

"हे काय?"

"मासळी. शेजारणीने दिली."

"आणि हे?"

"वाल. आत्याने दिले. कडवे."

"हे बियाणं आहे," बाई म्हणाल्या. "बियाणं आणता येत नाही." मी त्यांना सांगितलं की हे पेरायचं नाही, उसळ करायची आहे, मोड आणून, सालं काढून, खोबरं घालून. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मोड कसे आणतात तेही विचारलं आणि दोन्ही पिशव्या जप्त केल्या. आत्याचे वाल मोठ्या निळ्या डब्यात पडताना बघून मला वाईट वाटलं. त्या डब्यात मी जगातल्या इतर आत्यांच्याही पिशव्या बघितल्या.

आता बेटाबद्दल. पहिल्याच सकाळी मी रस्त्याकडेच्या गाडीवर गेलो. दोन छोट्या मऊ तळलेल्या पुऱ्या आणि मध्ये पातळ छोले, कागदात गुंडाळून. रांगेत सगळं जग उभं होतं. माझ्या पुढे आफ्रिकी वळणाचा पोलीस, त्याच्या पुढे चिनी दुकानदार, मागे टोपी घातलेले एक मौलवी आणि कपाळाला गंध लावलेली एक बँकेतली बाई, आणि सगळे एकमेकांशी गाण्यासारख्या इंग्रजीत भांडत होते. एका बाजूला मशिदीचा मनोरा, दुसऱ्या बाजूला देवळाचे झेंडे. हे असं महाडातही आहे, पण महाडात रांग नसते.

गाडीवाल्याने विचारलं, "तिखट? थोडं?" मी महाडचा माणूस. थोडं? मी म्हणालो, "भरपूर." रांग गप्प झाली. पोलीस वळून माझ्याकडे बघू लागला. गाडीवाल्याने पुन्हा विचारलं, नक्की ना? मी छाती पुढे काढली. पुढची वीस मिनिटं मी फुटपाथवर बसून होतो. पोलिसाने टोपीने वारा घातला, मौलवींनी नारळपाणी धरलं आणि बँकेतली बाई माझा हात धरून म्हणत होती, श्वास घ्या, श्वास घ्या. विविध संस्कृतींचं सहजीवन म्हणजे काय, ते मी इतक्या जवळून कधी बघितलं नव्हतं.

चौथ्या दिवशी, दिवाळीच्या आदल्या दिवशी, राजधानीपासून तासाभरावरच्या एका गावात मी पोचलो. पोरं रस्त्याकडेला बांबू वाकवून त्यांच्या कमानी करत होती, त्यांवर पणत्या लावायला. सगळीच पोरं, सगळ्या रंगांची. तिथे एक पोळीचं दुकान दिसलं. मालकीण साठीची, अंगाने आडवी, नाव सुमिंत्रा. मी पाटीवर बोट ठेवून जे पहिलं होतं ते मागवलं. तिने मोठी पातळ पोळी आणली. मी तुकडा तोडला. पोळीच्या पदरांत पिवळं काहीतरी भुरभुरत होतं.

"आत काय आहे?" मी विचारलं.

"डाळ. वाटलेली."

"गोड?"

"गोड कशाला? आणि हे मटण."

मी तोंडात घास घातला आणि माझे डोळे भरून आले. या वेळी तिखटाने नव्हे. डाळीचं पुरण भरलेली, गोड नसलेली पोळी, आणि मटणाचा रस्सा. सव्वीस वर्षांपूर्वी भुकेपोटी मारलेली थाप जशीच्या तशी माझ्या ताटात होती. समुद्र तेवढा अर्धा मैल लांब होता. मी एवढा आनंदलो की दुसरी मागवली आणि ओरडूनच मागवली.

तेव्हा दुकानातल्या गिऱ्हाइकांना कळलं की मी भारतातून आलोय. एकजण म्हणाला, "मिस सुमिंत्रा, ऐकलंत का, तुमच्याकडचा माणूस. सांगा ना त्याला तुमची भारताची गोष्ट." भिंतीवर तिचा ताजमहालासमोरचा मोठा फोटो होता. शेजारी पाटी, 'मालकीण स्वतः भारतात जाऊन शिकून आल्या आहेत'. मी फोटो बघितला. सूर्य उजवीकडे होता आणि बाईची सावली पण उजवीकडेच होती. भूगोलाच्या शिक्षकाच्या नजरेतून हे सुटत नाही. तो फोटो स्टुडिओतल्या पडद्यासमोर काढलेला होता.

सुमिंत्राबाईंचा चेहरा उतरला. पण गिऱ्हाईक हटेना. तिने झारा खाली ठेवला आणि खालच्या आवाजात सुरुवात केली. ती मुंबईला उतरली. मुंबईत गंगेच्या काठावर एका हत्तीवर बसून बाजारात गेली. सगळे माझ्याकडे बघू लागले, मी काय म्हणतो ते ऐकायला. तिनेही बघितलं. ती नजर मला पाठ होती. सव्वीस वर्षं ती मी आरशात बघत होतो.

तेहतीस वर्षं मी चुकीची नदी चुकीच्या गावात सोसलेली नाही. गंगा मुंबईत नेणाऱ्या पोरांना मी बाकावर उभं केलंय. मी पाणी प्यायलो.

"बरोबर," मी म्हणालो. "त्या हत्तीवर मीही बसलोय."

गिऱ्हाइकांनी टाळ्या वाजवल्या. दुकान रिकामं झाल्यावर ती माझ्यासमोर येऊन बसली. तिने हात पुसले. मग म्हणाली, "समोरच्याने पाटी लावली होती, 'अस्सल'. मग मीही लावली. माझ्या पणजीची आई तिकडून बोटीने आली, गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर. कुठल्या गावची, तेही कोणाला माहीत नाही. मी कुठे जाणार होते? बारा वर्षं झाली. दर वेळी वाटतं, आज कोणीतरी खरा माणूस येईल."

मी तिला माझं सगळं सांगितलं. आठवी, तौकीर, प्रतिज्ञापत्र, कौलं. ती हसायला लागली ती थांबेना, आणि मग मीही. मग ती एकदम गंभीर झाली. "मला काहीतरी खरं द्या ना," ती म्हणाली. "सांगायला."

मी पोळी बांधायचा कागद घेतला आणि नकाशा काढला. हे काम मला येतं. सावित्री, तिला मिळणारी गांधारी, चवदार तळं, एसटी स्टँड, पोलादपूरकडे जाणारा रस्ता, शिवथरची घळ, वर कुडपणचं पठार. तिने एकेक नाव तोंडात घोळवलं. तिला विचारलं कोणी तर काय सांगायचं, ते मी पढवलं : पोलादपूरची गाडी वेळेवर येत नाही. फलाटावरच्या बाकावर मधली फळी नाही, कडेला बसायचं. आत्याच्या घरी वाल खायचे. "कशी चव असते?" "आधी कडू लागतात. मग सोडवत नाहीत." तिने ते कागदाच्या कडेला लिहून घेतलं आणि 'हत्ती' असं लिहून त्यावर स्वतःच्या हाताने काट मारली.

मे महिन्यात हॉल भरला होता. मला हार घातला, अध्यक्षांनी माझं नाव चुकीचं घेतलं, आणि तौकीरने माईक माझ्या हातात दिला. आता माझ्याकडे खरी कहाणी होती, फोटोसकट. कोणाला काही न कळता सगळं जुळलं होतं. मी तोंड उघडलं आणि समोर नव्या आठवीची पोरं मांडी घालून बसलेली दिसली. मला पुढे जाता येईना.

"मी त्रिनिदादला गेलो," मी म्हणालो, "तो गेल्या दिवाळीत. पहिल्यांदा. अठ्ठ्याण्णव साली मी गेलो नव्हतो. मी तुमच्याशी खोटं बोललो."

मग पहिल्या रांगेतून तौकीर उठला.

"सर, आम्हाला माहीत आहे. त्याच दिवशी घरी जाऊन अब्बांना सांगितलं. अब्बा म्हणाले, अरे, सर मे महिन्यात नात्याला छपरावर होते, मीच कौलं टाकली."

"मग सव्वीस वर्षं बोलला का नाहीस?"

"दुसऱ्या शाळेत कॉम्प्युटर आला होता, सर. मैदान होतं. आमच्याकडे फक्त तुमचं त्रिनिदाद होतं. मी सगळ्या वर्गाला सांगितलं, खरं की खोटं हे कोणी विचारायचं नाही, आणि पुढच्या वर्गांनाही तेच सांगायचं." तो बसला. मागून अंकिता उभी राहिली. "सर, तो रकाना मी मुद्दाम भरला होता. कोरा राहिला तर तुम्हाला वाईट वाटेल म्हणून. नोटीस येईल असं वाटलं नव्हतं." टायपिस्टानेही हात वर केला, पण त्याला मी बोलू दिलं नाही.

मी माईकवर, सगळ्यांसमोर, रडलो. अध्यक्षांना वाटलं निवृत्तीमुळे. नंतर मी खरी कहाणी सांगितली. पोरांनी ती शेवटपर्यंत ऐकली आणि एकजण म्हणाला, "सर, जुनीत वादळ होतं ना?"

परवा सुमिंत्राबाईंचा निरोप आला. दुकानातल्या गिऱ्हाइकांना महाडची गोष्ट एवढी आवडली, की त्यांनी सगळ्यांनी मिळून तिला तिकीट काढून दिलंय : जा, त्या आत्याला पुन्हा एकदा भेटून या. ती डिसेंबरात येते. पोलादपूरची गाडी खरंच उशिरा येते ना, एवढंच तिने विचारलंय. इस्माईलभाईंनी तिला दोरीबद्दल लांबलचक सूचना पाठवल्या आहेत. आम्रपालीने पाहुणीसाठी नवी चादर काढली.

मी नात्याला आत्याकडे सांगायला गेलो. ती अंगणात वाल पाखडत होती. सगळं ऐकून तिने सूप खाली ठेवलं.

"एवढ्या लांबून येतेय ती बाय. पयल्यांदाच येतेय काय रे हितं?"

"नाही, आत्या," मी म्हणालो. "दुसऱ्यांदा."